गालजीबागच्या काळोखात दोन रात्री

आईला टेंटमध्ये राहायला नेतेय म्हटल्यावर घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आई अडुसष्टची, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. पण यावेळी तिनेच लावून धरलेलं, "हॉटेलात काय आहे गो, चार भिंतीच ना, मला दर्याचा आवाज येईल असं कुठेतरी ने." मग शिवरात्र रविवारी होती ती बघून सोमवार-मंगळवार रजा टाकली आणि आई, मी आणि चौथीतला माझा मुलगा असे तिघं फोंड्याहून निघालो. मडगाव, बाळ्ळी, मग करमल घाट, आणि घाट उतरलं की हवाच बदलते, काणकोण लागलं हे डोळे मिटून पण कळतं. आईचा उपास होता म्हणून आधी श्रीस्थळला मल्लिकार्जुनाच्या देवळात गेलो, गर्दी खूप होती पण दर्शन झालं, आणि तिथून चार वाजेपर्यंत गालजीबाग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गालजीबागचा किनारा दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात, दोन नद्यांच्या मधे आहे. उत्तरेला तळपण नदीचं मुख, दक्षिणेला गालजीबाग नदीचं. मधे वाळूची लांब पट्टी आणि मागे सुरूची झाडं. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग अशा चार ठिकाणी वनखातं त्यांची घरटी राखतं. त्यामुळे दुसऱ्या किनाऱ्यांसारखी शॅकची रांग, डेकबेड, म्युझिक यातलं काहीच नाही. गाव आहे, माड आहेत, आणि वाळू.

आमचा कॅम्प वाळूवर नव्हता, आत गावातल्या एका आंटीच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत होता. माडांखाली सहा टेंट, एक विहीर, दोन संडास-बाथरूम, स्वयंपाकाची कौलारू पडवी. बाकी काही नाही, आणि मला तेवढंच हवं होतं. फोनला रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच, आणि चार्जिंगचा पॉइंट पण तिथेच. आंटीला आईचा उपास कळल्यावर तिने काही न विचारता रताळी उकडून वर खोबरं घालून आणून दिली. आई तिला "देव बरें करूं" म्हणाली आणि त्या दोघींचं जे जुळलं ते शेवटपर्यंत.

आता मुख्य गोष्ट. आंटीने पहिल्याच तासात सांगितलं की साडेसातनंतर पांढरी लाइट चालणार नाही. मोबाइलचा टॉर्च पण नाही. पडवीत एक पिवळा बल्ब, तोही गावाकडच्या बाजूला, आणि प्रत्येक टेंटला एक छोटी बॅटरी ज्याच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर रबरबँडने बांधलेला. मला खरं सांगायचं तर राग आला. आई पडली तर? साप निघाला तर? मी साडेसातनंतर हळूच फोनचा टॉर्च लावलाच, आणि पलीकडून आंटीचा आवाज, "लायट बंद कर गो बाय." ओरडून नाही, शांतपणे, आपण लहान मुलाला सांगतो ना तसं. मला लाज वाटली.

कारण तिने मग नीट समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या वनखात्याच्या रक्षकानेही तेच सांगितलं. पिल्लं रात्री वाळूतून वर येतात, आणि त्यांना एकच गोष्ट कळते, जिथे क्षितिज जास्त उजळ तिथे चालायचं. हजारो वर्षं ती उजळ बाजू म्हणजे समुद्रच असायचा, पाण्यावर चांदण्यांचा उजेड पडतो आणि मागे झाडांचा काळोख. आपण मागच्या बाजूला हॅलोजन लावला की पिल्लं उलटी गावाकडे चालायला लागतात, आणि मग कुत्रे, कावळे, नाहीतर दुसऱ्या दिवशीचं ऊन. अंडी घालायला येणारी मादी पण उजेड दिसला तर अर्ध्यातून परत फिरते. लाल उजेड त्यांना फार जाणवत नाही म्हणून तो जिलेटिन पेपर. एवढा स्वस्त उपाय आहे की मी घरी आल्यावर लगेच दोन बॅटऱ्यांना लावून ठेवला.

तर पहिली रात्र. शिवरात्र म्हणजे चंद्र नाहीच. मी एक-एक पाऊल चाचपत चाललेली आणि आई माझ्या पुढे, अनवाणी, न अडखळता. मी म्हटलं आई थांब, तर म्हणाली, "तू बॅटरीकडे बघतेस म्हणून तुला दिसत नाही, ती विझव आणि जरा उभी राहा." उभी राहिले. पाच-दहा मिनिटांनी खरंच दिसायला लागलं, आधी माडांचे बुंधे, मग वाळूची फिकी पट्टी, मग लाटांची कड. आई सत्तरीतली, म्हणजे सत्तरी तालुक्यातली, तिच्या गावात वीज आली तेव्हा ती शाळा संपवून बसली होती. काळोखात चालायचं तिच्या पायांना ठाऊक आहे, हे मला पंचेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं. फोंड्याच्या फ्लॅटमध्ये ती संध्याकाळी जिना उतरायला घाबरते. तिथे मी तिला धरते, इथे तिने मला धरलं.

वाळूवर चटई टाकून बसलो. वर मृग, त्याच्या खाली व्याध लखलखत होता आणि मुलाने शाळेतलं ज्ञान सांगितलं की व्याधाचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षं लागतात, म्हणजे तो निघाला तेव्हा मी एक वर्षाचा होतो. मग आईने दक्षिणेला पाण्यावर खाली असलेला एकटा तेजस्वी तारा दाखवला, अगस्ती. तीन आचमनांत समुद्र प्यायलेला ऋषी आणि तो समुद्राच्या वरच येऊन बसलाय! ती गोष्ट मी लहानपणी तिच्याकडूनच ऐकलेली, पण तारा मात्र कधी पाहिला नव्हता, कारण आमच्या गॅलरीतून दक्षिणेला बाजाराचे दिवे. मग ती देवचाराच्या गोष्टींवर आली. देवचार रात्री गावाची शीव राखत फिरतो, हातात दांडा, खांद्यावर कांबळं, आणि चालून चालून व्हाणा झिजतात म्हणून लोक त्याला नवीन व्हाणा ठेवतात. मुलगा मला चिकटून बसला पण "अजून सांग" म्हणत होता. मागे कुठेतरी रातवा चुक-चुक-चुक करत होता, आणि एकदा लांब लोलयेच्या बाजूने रेल्वे गेली तेवढाच माणसांचा आवाज.

क्षितिजावर मात्र दोन ठिकाणी भगभगीत पांढरा उजेड होता. आंटीच्या नवऱ्याला विचारलं तर ते बराच वेळ गप्प राहिले. एलईडी लावून मासे गोळा करणाऱ्या बोटी असाव्यात म्हणाले. त्या मासेमारीला केंद्राने २०१७ सालीच बंदी घातलीय. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने जाळं, ओढणाऱ्या माणसाला तो उजेड बघून काय वाटत असेल ते त्यांच्या गप्प राहण्यातच कळलं.

सोमवारचा दिवस काहीच न करण्यात गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत आला, गरम उंडे (गोल पाव) घेतले. दुपारी उकड्या तांदळाची पेज, तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं, आणि खोल गावच्या मिरचीत भरलेला बांगडा. या मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते वाचलं होतं, रंग बघितल्यावर का ते कळलं, लालभडक आणि तिखट मात्र बेताचं. संध्याकाळी डास भयंकर, ओडोमॉस न्या. आणि पहाटे टेंट दवाने आतून-बाहेरून ओला होतो तेव्हा जास्तीची चादर लागतेच, आईच्या गुडघ्यांसाठी मी दोन नेल्या होत्या.

मंगळवारी पहाटे, सोमवारची रात्र अमावास्येची होती, आंटीने टेंटबाहेरून हाक मारली. रात्री एक मादी येऊन गेली होती! आम्ही झोपलेलो असताना, दोनशे पावलांवर. आम्ही पोचलो तेव्हा रक्षक घरट्याभोवती जाळी ठोकत होता, आणि वाळूवर ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा पट्टा, पाण्यातून वर आलेला आणि वेगळ्या वाटेने परत पाण्यात गेलेला. रक्षकाने दाखवलं की रिडलेच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा एकाआड एक पडतात, डावं-उजवं-डावं, हिरव्या कासवाच्या जोडीने पडतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी. मुलाने विचारलं यात मुली किती, तर तो म्हणाला ते वाळू ठरवते, वाळू गरम राहिली तर मुली जास्त. आईने त्या पट्ट्याला वाकून नमस्कार केला. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आपल्या चाळीस किलोच्या देहाला ओढत ती कासवीण इथे वर आली, खड्डा खणला, अंडी घातली, बुजवलं आणि गेली, परत वळून न बघता, आणि हे सगळं करायला तिला फक्त एवढंच हवं होतं की कुणी दिवा लावू नये.

पिल्लं किती दिवसांनी, आईने विचारलं. पंचेचाळीस ते साठ, रक्षक म्हणाला. मी फोनमध्ये कॅलेंडर उघडेपर्यंत आईने बोटांवर हिशोब करून टाकला होता. माघी अमावास्येला घातली म्हणजे फाल्गुनी अमावास्येला तीस, हनुमान जयंतीला पंचेचाळीस, आणि चैत्री अमावास्येला साठ.

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तिने हनुमान जयंतीपासून पुढच्या पंधरा चौकोनांवर पेन्सिलने एक लांब रेघ ओढलीय. काल विचारत होती, आंटीचा नंबर लागतो का गो, पडवीच्या त्या कोपऱ्यात असली तर लागेल.