पिझो नंबर तीन

भीमेच्या खोऱ्यातल्या एका नगरपालिकेच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, मी केमिस्ट आहे. भूजलावर लक्ष ठेवायला आमच्या आवारात तीन पिझोमीटर, म्हणजे पातळी मोजायचे आणि नमुने घ्यायचे बोअर, आहेत, एक चढाच्या बाजूला आणि दोन उताराला. तीन नंबरचा गाळ वाळवायच्या बेडला लागून आहे. त्याच्यापुढे कुंपण आणि कुंपणापलीकडे बापूंची विहीर. घरातले सात जण तेच पाणी पितात. म्हणून दर तीन महिन्यांनी रिपोर्ट आला की माझी नजर आधी तीन नंबरवर जाते.

गेल्या पावसाळ्यात तिथलं नायट्रेट लिटरला 118 मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45 आहे, आणि उन्हाळ्यात हाच आकडा 29 होता. सांडपाण्याची टाकी गळतेय, असं सगळ्यांनी धरलं. बापूंची नात तेव्हा चार महिन्यांची होती. इतक्या लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद नायट्रेटमुळे कमी होते. त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं, बाळासाठी नळाचंच पाणी आणा.

पण दोन नंबरही उताराचाच, आणि त्याचा आकडा जागचा हलला नव्हता. ते मला खटकत होतं. उघडीप मिळाल्यावर आरसा घेतला आणि ऊन तीन नंबरमध्ये सोडलं. सात-आठ फुटांवर केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या आतल्या पाइपाच्या, सांध्याला चीर होती आणि तिथून खाली काळसर ओघळ गेलेला. गाळ नेणारी ट्रॉली कधीतरी बोअरच्या तोंडाभोवतीच्या ओट्याला धडकली असणार. ओटा कललेला मी रोज बघत होते. खात्री करायला ओट्याभोवती आळं केलं, वीस बादल्या साधं पाणी ओतलं आणि पातळी मोजायचा लेव्हल इंडिकेटर आत सोडून बसले. वीस मिनिटांत पातळी फूटभर चढली. म्हणजे बेडवरून पावसात वाहणारं पाणी मातीतून न मुरता चिरेतून थेट साठ फूट खाली जात होतं. जिच्यावर पहारा ठेवायचा, त्या घाणीलाच आमच्या बोअरनं वाट करून दिली होती.

दुरुस्तीत अर्थ नव्हता. शेतातल्या बोअरसारखं वरच्या मुरमापुरतं वीस फूट केसिंग, खाली उघडा खडक, आणि पाइपाबाहेर सिमेंटचा थेंब नाही. नवीनच घ्यायचा ठरला. फाइल पाच महिने फिरली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मी भांडले ते जुनं भोक बंद करण्यावरून. वर फरशी टाकून सिमेंट लावा, असं सगळ्यांचं मत. फरशीखाली साठ फुटांची पोकळी तशीच राहिली असती. शेवटी मशिनने केसिंग ओढलं, ते दोन तुकड्यांत आलं. मग एक इंची पाइप तळाला टेकवला आणि थोडं बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) घातलेली सिमेंटची पातळ स्लरी खालून वर भरत आणली. वरून ओतली तर पाण्यात सिमेंट फुटतं आणि मध्ये पोकळ्या राहतात. भोकाचा हिशेब 390 लिटरचा, म्हणजे साधारण नऊ पोती. लागली तेरा. जादा चार पोती खडकाच्या भेगांत गेली. तेव्हा त्याचं मला समाधानच वाटलं.

नवा पॉइंट बारा फुटांवर धरला. मशिनवाली पोरं तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडची. नारळ फोडला आणि बिट फिरायला लागली. तीन फूट काळी माती, एकोणीसपर्यंत मुरूम, मग काळा पाषाण. पांढरी धूळ उडत होती ती एक्केचाळीस फुटांवर अचानक बसली आणि चिखल उसळायला लागला. पाणी! साठ फुटांवर थांबवलं. "अक्का, अजून मारू, जास्त पाणी लागेल," मुलगा म्हणाला. त्याला कसं समजवायचं, मला जास्त पाणी नको, हेच पाणी पाहिजे.

भोक पडलं दीड तासात, बाकीच्या कामाला दिवस गेला. तळाच्या बाजूला वीस फूट चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप, त्याभोवती धुतलेली जाड वाळू पस्तीस फुटांपर्यंत, तिच्यावर तीन फूट बेंटोनाइटच्या गोळ्या. त्या फुगेपर्यंत थांबायचं आणि मगच वरचं सिमेंट. पोरांना पुढच्या गावाला निघायचं होतं. मी दोरीला लोखंडी नट बांधून दर पाच मिनिटांनी खोली मोजत राहिले. वाळू मध्येच अडकून पूल झाला, तर वर भरलेलं सगळं फुकट. एकदा अडकलीच, पाइप हलवून सोडवली.

कॉम्प्रेसरने पाणी नितळ झाल्यावर पहिला नमुना घेतला. पीएच 10.4! माझ्या पोटात गोळा आला. सिमेंट पाण्याचा पीएच चढवतं, आणि जुन्या भोकातली ती चार पोती भेगांतून नव्याकडे सरकली होती. बारा फूट फार जवळ, तीसेक फूट तरी अंतर ठेवायला हवं होतं. ही चूक माझीच. मग दर आठवड्याला बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट उपसा केला. 9.1, 8.2, आणि सातव्या आठवड्यात 7.6. त्यानंतरच नायट्रेट लावलं. 33 आलं.

रजिस्टरमध्ये तीन नंबरच्या रकान्याखाली तांबडी रेघ ओढली, 118 शेजारी कारण लिहिलं आणि नव्याला 3-अ नाव दिलं. जुने-नवे आकडे एका ओळीत जोडायचे नाहीत, असं खाली सहीसकट लिहून ठेवलंय.

बापूंच्या विहिरीचाही नमुना लावला होता, तो 36 आला. कागद घेऊन गेले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ताई, मग आता हेच भरू का?"

"तुम्ही प्या," मी म्हटलं. "बाळाला मात्र पावसाळ्यानंतरचा नमुना येईपर्यंत नळाचंच द्या."