‘काय वाचताय?’ आणि ते इकडे कसं मिळणार

अमेरिकेतल्या मराठी वाचनगटात कुणी सध्या काय वाचतोय हे सांगितलं, की पाठोपाठ प्रश्न येतोच: मला कुठे मिळेल? नुसतं नाव ऐकून इथे पुस्तक हाती लागत नाही, म्हणून गप्पांइतकीच नोंद महत्त्वाची.

तासाभराच्या ऑनलाइन बैठकीचं गणित सोपं आहे. आठ जण, प्रत्येकी पाच मिनिटं, उरलेली वीस मिनिटं चर्चेला. शनिवारी रात्री पूर्व किनाऱ्यावर साडेनऊ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात साडेसहा आणि तुमच्याकडे भारतात रविवार सकाळचे सात, त्यामुळे तिकडचे आई-बाबाही बसू शकतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग तुमचे आठ होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर पुन्हा सात. वेळ फसते ती बहुधा याच दोन आठवड्यांत.

बोलणाऱ्याने आधी आपण कितव्या पानावर आहोत ते सांगावं. नाहीतर कथानक सांगण्यातच पाच मिनिटं संपतात आणि इतरांची वाचायची मजा जाते. पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर तेही सांगावं, आणि का सोडलं तेही. अशी माहिती फार उपयोगी पडते.

आता नोंद. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. २००७ पासून हा क्रमांक तेरा आकडी झाला. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, तिथे प्रकाशक आणि वर्ष यांवरच भिस्त.

यानंतर वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या सामायिक सूचीत शोध घ्यायचा. इथे बहुतेक जण अडतात. आपण मोबाइलवर मराठी जसं रोमन अक्षरांत लिहितो तसं ग्रंथपाल लिहीत नाहीत. त्यांच्या पद्धतीत ‘च’साठी नुसता ‘सी’, ‘सीएच’ म्हणजे ‘छ’. म्हणजे ‘चरित्र’ शोधताना सुरुवात ‘सी-ए-आर’ अशी. ‘व’ नेहमी ‘व्ही’, ‘डब्ल्यू’ नाही. दीर्घ ‘आ’साठी एकच ‘ए’, वरची रेघ शोधताना सोडली तरी चालते. ‘ज्ञान’ आपण ‘डी-एन’ने सुरू करतो, सूचीत ते ‘जे-एन’ने सुरू होतं. पुस्तक सापडत नाही म्हणजे ते नाहीच, असं समजण्याआधी एवढं करून बघावं.

कारण मराठी पुस्तकं इथे बरीच आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचं दिल्ली कार्यालय १९६२ मध्ये सुरू झालं आणि भारतीय भाषांतली पुस्तकं अमेरिकी विद्यापीठांकडे येऊ लागली. सुरुवातीचा पैसा पीएल-४८० करारातला: भारताने अमेरिकी गव्हाची किंमत रुपयांत चुकती केली, त्या रुपयांतून ही खरेदी झाली. रेशनवरचा तो गहू ज्यांना आठवतो, त्यांना या पुस्तकांचं मोल वेगळं सांगायला नको.

वर्ल्डकॅटच्या सूचीत पुस्तकाचा ओसीएलसी क्रमांक, म्हणजे त्या सूचीतला ओळख क्रमांक, दिसतो. तो घेऊन गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात आंतरग्रंथालयीन मागणीचा अर्ज भरायचा. पुस्तक यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पुढच्या बैठकीला हवं असेल तर या बैठकीनंतर लगेच अर्ज करावा. जुनी किंवा नाजूक प्रत मात्र विद्यापीठ बाहेर देत नाही.

गटातल्या गटात पुस्तक पाठवायला टपालखात्याची मीडिया मेल ही पुस्तकांसाठीची सेवा बरी. दर वजनावर, अंतर कितीही असो. फक्त पाकिटात राखी किंवा खाऊ सरकवू नये. टपालखात्याला ते उघडून तपासायचा अधिकार आहे आणि मग पूर्ण दर पडतो.

तिकडून कुणाला पुस्तक सुचवत असाल तर एक करा. मुखपृष्ठाचा फोटो आम्हाला आवडतोच, पण त्यासोबत आतल्या त्या पानाचाही पाठवा जिथे प्रकाशक, मुद्रक आणि आवृत्ती बारीक अक्षरांत छापलेली असते. उजेडात, पान सपाट धरून.