उथळ

लहानपणी मी बडबडायला लागले की आजी एकच म्हण तोंडावर मारायची, उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यामुळे उथळ म्हणजे काहीतरी हलकं हे डोक्यात फिट बसलेलं, उथळ माणूस, उथळ विचार, आणि खोल म्हटलं की लगेच भारी. आता रोज हार्बरच्या लोकलने मानखुर्द सोडून वाशीची खाडी ओलांडताना वाटतं, आजीशी या विषयावर एकदा नीट भांडायला हवं होतं.

ओहोटीला पाणी मागे सरतं, राखाडी चिखल उघडा पडतो आणि डब्यातल्या निम्म्या बायकांच्या ओढण्या नाकाला लागतात. तो वास म्हणजे सगळीच घाण नव्हे (आपल्या गटारांचा वाटा आहेच, नाही कशाला म्हणू). चिखलात आत ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया तिवरांचा कुजका पाला वगैरे संपवत असतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास. थोडक्यात खाली स्वयंपाकघर चालू आहे.

आणि हे चालतं ते पाणी उथळ आहे म्हणून. भर समुद्रात 200 मीटरच्या खाली शेवाळ जगेल इतकाही उजेड पोचत नाही, इथे ऊन थेट तळाला लागतं, त्यामुळे शेवाळ, शेवाळावर किडे-कोळंबी आणि त्यावर फ्लेमिंगो. 2015 ला ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला रामसर यादीतही (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेला. नेरूळच्या तलावावर एका रविवारी मी एकाच पक्ष्याकडे तासभर बघत बसले होते. मान खाली, चोच चक्क उलटी, वरची बाजू चिखलाकडे, जीभ पंपासारखी पाणी आत ओढून बाहेर टाकते आणि चोचीतल्या बारीक गाळणीत खाणं अडकतं, आपण चहा गाळतो तसं, फक्त यांना हवा असतो तो चोथा! गुलाबी रंगही त्या खाण्यातलाच, पिल्लं असतात राखाडी.

पुरीला गेलो होतो तेव्हा चिल्का सरोवर बघितलं. पावसाळ्यात 1100 चौरस किलोमीटरच्या वर पसरतं, पलीकडचा काठ दिसत नाही, म्हटलं काय अथांग आहे, तर नाववाल्याने हसत बांबू खुपसला आणि निम्म्याहून जास्त बांबू पाण्याच्या वरच! मध्ये या सरोवराचीही हालत झालेली. समुद्राकडचं तोंड वाळूने आणि गाळाने बुजत गेलं, खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली, 1993 ला रामसरच्या धोक्याच्या यादीत नाव गेलं. मग 2000 मध्ये वाळूचा दांडा कापून नवीन तोंड काढलं, भरतीचं पाणी आत यायला लागलं, मासळी परत आली आणि 2002 ला नाव यादीतून निघालं. म्हणजे खोली कोण विचारतंय, समुद्राची ये-जा पाहिजे. नेरूळलाही एका उन्हाळ्यात भरतीची वाट अडली आणि मी गेले तर तलावाच्या जागी भेगा पडलेला चिखल, त्यात एक चप्पल. फ्लेमिंगो नाहीतच.

परवा स्टेशनबाहेर कोळीणमावशीच्या टोपात निवट्या होत्या, म्हणजे चिखलात राहणारी छोटी मासळी, जिवंत, डोळे डोक्यावर, एकमेकींवर चढून बघताहेत.

"मावशी, पाण्याबाहेर जगतात कशा गं ह्या?"

"अंग ओलं असलं की झालं, बाय. चिखलातली जात ती."

खरंच आहे, ओल्या कातडीतून श्वास घेतात. तेवढ्यात एकीने टोपाबाहेर उडी मारली आणि फुटपाथवरून टुणटुण गटाराच्या दिशेने निघाली. मावशीने माझे सुट्टे मोजता मोजता, न बघताच, हात लांब केला आणि तिला परत टोपात टाकली.