कुठवर आलीस?

प्रेमकथा दुसऱ्याला सुचवणं वाटतं तितकं सोपं नाही. रहस्यकथा असेल तर "शेवटपर्यंत पत्ता लागत नाही" एवढ्यावर भागतं. इतिहासावरचा जाडजूड ग्रंथ सुचवला की आपण आपोआपच अभ्यासू ठरतो. पण "ही लव्हस्टोरी वाच, मस्त आहे" म्हणताना आवाज निम्म्यावर येतो. समोरचा मनातल्या मनात आपलं वय मोजतोय, असं उगाच वाटत राहतं. त्यात पुस्तक 'यंग अ‍ॅडल्ट' असेल तर विचारूच नका. नायिका सोळाची, नायक सतराचा, आणि वाचणारी बाई चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी.

खरं तर लाजायचं काही कारण नाही. पुस्तकांच्या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या बोकर या संस्थेने 2012 मध्ये अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा कुमारवयीनांसाठी म्हणून निघणाऱ्या पुस्तकांचे 55 टक्के ग्राहक 18 किंवा त्याहून जास्त वयाचे निघाले. त्यातही मोठा गट 30 ते 44 वयाच्या लोकांचा. घरातल्या मुलांसाठी घेत असतील म्हणावं, तर तेही नाही; बहुतेकांनी सांगितलं की स्वतःलाच वाचायला घेतो. हे आकडे मी पाठ करून ठेवले आहेत. कुणी भुवया उंचावल्या की उपयोगी पडतात.

मोठ्या माणसांना या पुस्तकांत काय सापडतं, याची उत्तरं पुष्कळ आहेत. मला पटणारं असं, की त्यांत सगळं पहिल्यांदा घडत असतं. पहिला मत्सर, पहिलं खोटं, मेसेज वाचूनही उत्तर न आल्याची पहिली रात्र. आणि लिहिणारा शहाणा असेल तर तो त्याला वरून हसत नाही. एस. ई. हिंटन या मुलीने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली कादंबरी 1967 मध्ये छापून आली, तेव्हा ती अठराची होती. कुमारवयीनांचं साहित्य हा वेगळा कप्पा म्हणून रुजण्यात त्या कादंबरीचा मोठा वाटा मानतात. मोठ्यांनी मुलांना चार गोष्टी सांगाव्यात तसं ते लिखाण नव्हतं, त्या वयात उभं राहून लिहिलेलं होतं. आजही या कप्प्यातलं पुस्तक उचललं की मी पहिल्या दहा पानांत एवढंच बघते: लेखक त्या वयात उभा आहे की गॅलरीत बसून खाली बघतोय?

नवी पुस्तकं माझ्याकडे येतात ती मुख्यतः भाचीकडून. तिचे निरोप एका ओळीचे. "एनिमीज टू लव्हर्स, स्लो बर्न, रडायची तयारी ठेव." किंवा "फेक डेटिंग आहे पण खरंच चांगलं." त्यातला 'पण' फार बोलका. आधी मला ही भाषा म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाटायची. आता मीही सराईतपणे वापरते. एकमेकांचं तोंडही न बघणारे दोघं प्रेमात पडणार, की बालमित्र, की लोकांना दाखवायला जोडपं झालेले. स्लो बर्न म्हणजे प्रेम अगदी मंद आचेवर शिजणार. खोली एक, पलंग एक, बाहेर पाऊस. हे साचे आधीच सांगून टाकले तरी वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही, ही या प्रकाराची गंमत. तरी नुसत्या साच्यावर विसंबून कुणाला पुस्तक देऊ नये, असं माझं मत आहे. तोच साचा, तीच पावसाळी रात्र. एका कादंबरीने माझे पहाटेचे तीन वाजवले आणि दुसरीने पन्नासाव्या पानावर झोपवलं. फरक होता तो संवादांत. पहिल्या कादंबरीतले दोघं एकमेकांना नीट ऐकत होते. दुसरीतले आपापली वाक्यं म्हणून मोकळे होत होते.

अ‍ॅपही सुचवतं म्हणा. 'तुम्ही हे वाचलंत, आता हेही वाचा.' मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं हे त्याला बरोबर कळतं. दातओठ खात वाचलं, हे कळत नाही. मग त्याच लेखिकेची आणखी चार पुस्तकं माझ्यापुढे हजर. छोट्या व्हिडिओंची तऱ्हा निराळी. कॉलीन हूव्हर यांची 2016 सालची एक कादंबरी टिकटॉकवरच्या वाचकांनी काही वर्षांनी उचलून धरली आणि ती नव्याने खपाच्या याद्यांत शिरली, थेट वरपर्यंत गेली. एरवी इतक्या जुन्या पुस्तकाकडे प्रकाशकही वळून बघत नाहीत. या व्हिडिओंत कथानक फारसं कुणी सांगतच नाही. पुस्तक हातात, डोळे सुजलेले, नाक लाल, बस्स. माझ्या पिढीतले काही जण याला नाटकं म्हणतात. असतीलही. पण रडणाऱ्याचं तोंड बघून "हिला एवढं काय झालं?" म्हणून पुस्तक मागवणारी माणसं मला समजू शकतात. मीही त्यातलीच.

मात्र सगळ्यात हेवा वाटतो तो डॉटच्या गिऱ्हाइकांचा. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांवर केलेला अभ्यास 1984 मध्ये पुस्तकरूपाने आला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं एक गाव, तिथल्या पुस्तकांच्या दुकानात काम करणारी एक बाई आणि तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या वाचक बायका. गावाचं नाव बदललेलं, बाईचंही. पुस्तकात ती 'डॉट' म्हणून येते. दर महिन्याला नव्या प्रेमकथांचा ढीग यायचा. मुखपृष्ठं सगळी सारखीच, आणि मागच्या मजकुरावर विश्वास ठेवावा तर प्रत्येकच कादंबरी अविस्मरणीय. डॉट स्वतः वाचायची, निवडायची, अमुक घ्या, तमुक राहू द्या, असं सांगायची. पुढे तिने त्यासाठी छोटं वार्तापत्रही काढलं. तिला साहित्यसमीक्षा करायची नव्हती. या बायकांना काय खपतं आणि काय अजिबात खपत नाही, हे तिला नेमकं ठाऊक होतं. दुष्टपणा करणारा नायक त्यांना नको होता, आणि वाईट शेवट तर मुळीच नको. काही जणी पुस्तक घेण्याआधी शेवटची पानं वाचून खात्री करून घ्यायच्या.

हे शेवटाचं प्रकरण बाहेरच्यांना कळत नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने तर व्याख्याच करून ठेवली आहे: मध्यभागी प्रेमकहाणी हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे दोघांचं जमणार हे पहिल्या पानाआधीच ठरलेलं. "मग वाचायचं कशाला?" असा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय, विशेषतः क्रिकेटच्या जुन्या मॅचचे हायलाइट्स पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांनी. शेवटाची काळजी नसली की माणूस बाकी सगळं बघायला मोकळा होतो. कोण आधी गप्प झालं, कुणी कुणाचं नाव पहिल्यांदा घेतलं, कुणाचा अहंकार कोणत्या वाक्याला मोडला.

आणि म्हणूनच ही पुस्तकं एकट्याने वाचून पोट भरत नाही. कादंबरीत कुठेतरी एक पान असतं, जिथे आपण पुस्तक मिटून खोलीत एक चक्कर मारून आलेलो असतो. दुसऱ्याला पुस्तक द्यायचं ते खरं त्या पानासाठी. आपण तिथे आधीच जाऊन थांबलेलो. आता दुसरं कुणीतरी तिथवर यायला हवं. पुष्कळांच्या हातांतून फिरून आलेली प्रत टेबलावर नुसती ठेवून बघा. पुठ्ठ्याला पडलेल्या घडीमुळे ती आपण होऊन एका ठरावीक जागी उघडते. माझ्याकडच्या एका प्रतीत ती जागा 212 आणि 213 या पानांमध्ये आहे. तिथला धागा सैल झालाय आणि समासात पेन्सिलीने कुणीतरी फक्त 'अरे देवा' असं लिहिलंय. अक्षर माझं नाही. कुणाचं, ते विचारायला मी धजावलेली नाही.

पुस्तक देऊन झालं की सुरू होते वाट बघणं. "वाचलंस का?" हे विचारायचं नसतं. त्याने वाचणाऱ्याला गृहपाठ दिल्यासारखं होतं आणि पुस्तक कपाटात जातं ते कायमचं. "कुठवर आलीस?" हे चालतं, तेही हसतहसत, दुसऱ्याच कशावर तरी बोलताना. उत्तर ऐकून चेहरा कोरा ठेवायचा, ही खरी कसोटी. "आत्ता कुठे ती लायब्ररीत गेलीये" असं मैत्रीण म्हणाली की आतून उकळ्या फुटत असतात आणि वरून आपण म्हणतो, "अच्छा, अजून तिथेच का?" काही जणी अर्ध्यावर सोडून देतात. एकीने माझा अत्यंत आवडता नायक "जरा मंद वाटला" म्हणून परत केला. मैत्री टिकली आहे. पुस्तकं मात्र तिला आता रहस्यकथाच देते.

भाचीला एकदा उलट दिशेने पुस्तक दिलं. जेन ऑस्टेन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 1813 सालची. जुनी भाषा, लांब वाक्यं, सुरुवातीला नुसत्या भेटीगाठी. ही पोरगी तिसऱ्या प्रकरणात कंटाळणार अशी मला खात्री होती. मी बसले होते 34व्या प्रकरणावर. एकूण 61 प्रकरणं, आणि पुस्तकाचा निम्मा टप्पा उलटल्यावर नायक डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो. प्रेम आहे म्हणतो, आणि त्याच दमात नायिका एलिझाबेथचं घराणं आपल्यापेक्षा किती हलकं, हे मनाविरुद्ध प्रेम किती आवरून पाहिलं, याचा पाढा वाचतो. ती त्याला साफ नाही म्हणते. भाचीचा निरोप रात्री उशिरा आला: "मावशी, हा माणूस मागणी घालतोय की पंचनामा करतोय?"

मी म्हटलं, पुढचं प्रकरण वाच, पत्र येईल.

थोड्या वेळाने दुसरा निरोप. "हे एनिमीज टू लव्हर्स आहे, हे आधी का नाही सांगितलंस? कधीच वाचलं असतं ना!"

तिचा एक सिद्धांत आहे. आजच्या प्रेमकथेत पुस्तकाच्या ऐंशी टक्क्यांवर भांडण होणारच, आणि दहा मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर ते झालंच नसतं. ई-रीडरवर टक्केवारी दिसते, त्यामुळे ती अठ्ठ्याहत्तरला आली की मला कळवते, "आता बघ हं." बहुतेक वेळा तिचं बरोबर निघतं. मला हे भांडण चालतं, फक्त ते त्या दोघांच्या स्वभावातून यायला हवं. बंद पडलेल्या फोनमुळे आणि चुकीच्या वेळी दारात उभ्या राहिलेल्या जुन्या प्रेयसीमुळे येणारं भांडण म्हणजे लेखिकेला पानं भरायची होती एवढंच. डार्सीचं बघा, दुरावा त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलाय. यावर भाचीचं म्हणणं, दोनशे वर्षांपूर्वी बॅटरी संपायची सोय नव्हती म्हणून.

सध्या तिने मला एक रोमँटसी पाठवली आहे. रोमान्स आणि फँटसी यांचं ते एकत्र कुटुंब. सहाशेच्या वर पानं, पुढे नकाशा, मागे राजघराण्यांची यादी, शिवाय ड्रॅगन. ड्रॅगन मला झेपत नाहीत, असं मी स्पष्ट कळवलं. त्यावर उत्तर आलं, "ड्रॅगनकडे लक्ष नको देऊस, सेनापतीकडे दे." सेनापती अजून आलेला नाही. एकशेचाळीस पानं झाली. नकाशातल्या दोन नद्या मला पाठ झाल्या आहेत, आणि हिचं रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने सुरू असतं: कुठवर आलीस, मावशी? काही नाही, सहजच विचारलं.