पाच महाराज, एक म्हातारी आणि मेट्रोपार्कची गाडी

आमच्या न्यू जर्सीत हॅलोविनची, म्हणजे ३१ ऑक्टोबरला सोंगं घेऊन दारोदार चॉकलेट मागायच्या सणाची, चाहूल ऑक्टोबरात लागते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्याही आधी, कॉस्टकोत वह्या-पेन्सिलींच्या शेजारी परीचे झगे आणि डायनोसॉरचे अंगरखे टांगलेले दिसतात. सप्टेंबर लागला की बंद पडलेल्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या गाळ्यावर रातोरात 'स्पिरिट हॅलोविन'ची पाटी चढते. मग तिथे सापळे, कवट्या, विग यांची झुंबड, आणि नोव्हेंबरात तोच गाळा पुन्हा ओस. मुलं लहान होती तेव्हा या दिवसांत आमच्या घरात जेवताना, गाडीत, आंघोळीला जाताना एकच विषय असायचा: यंदा कोण व्हायचं?

थोरली वर्षाची होती तेव्हा तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. केशरी अंगरखा, वर हिरव्या देठाचं टोपडं, झाला भोपळा. इथली निम्मी बाळं पहिल्या हॅलोविनला भोपळाच असतात आणि ते टोपडं काढून फेकायच्या खटपटीत असतात. पुढच्या वर्षी मधमाशी झाली, तीही आमच्याच मर्जीने. तिसरं लागलं आणि आईबापांचं राज्य खालसा झालं. सोमवारी फुलपाखरू, बुधवारी अग्निशमन दलाचा बंब, शुक्रवारी पुन्हा फुलपाखरू, पण काळं. अनुभवी आया सांगायच्या की पंधरा ऑक्टोबरच्या आधी काही विकत घ्यायचं नाही. आणि पंधरा तारखेनंतर तिच्या मापाचं काही शिल्लक नसायचं.

शाळेची मिरवणूक हा यातला खरा सोहळा. आठवडाभर आधी पत्र यायचं. मुखवटा नको, तलवार-बंदूक नको, रक्त नको, जमिनीवर लोळणारा झगा नको. त्या दिवशी दुपारी जेवणानंतर मुलं वर्गातच कपडे बदलायची आणि आम्ही शाळेमागच्या डांबरी मैदानाभोवती बांधलेल्या दोरीमागे फोन सरसावून उभे. लाउडस्पीकरवर भुताखेतांची गाणी लागायची, दार उघडायचं आणि किंडरगार्टनची पोरं पुढच्याचा खांदा धरून बाहेर पडायची. पहिलीच्या सगळ्या बाई रंगीत खडू झालेल्या, प्रिन्सिपॉल नखशिखांत केळं. एक फेरी, फार तर दोन, की खेळ खलास. मग वर्गात पार्टी. दोरीला टांगलेला डोनट हात न लावता खायचा, एखाद्या पोराला टॉयलेट पेपरने गुंडाळून ममी करायचं. शेंगदाण्याचं काहीही आणायचं नाही, हा नियम बाकी सगळ्यांहून कडक. काही घरांत हा सण मानत नाहीत; ती मुलं तेवढा वेळ लायब्ररीत गोष्टी ऐकत बसायची. आता काही शाळांनी याचं नाव बदलून 'फॉल फेस्टिव्हल' केलंय, काहींनी मिरवणूकच बंद केली. कारणं पटण्यासारखी आहेत, तरी मला वाईट वाटतं.

सुरुवातीची वर्षं मला या मिरवणुकीत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. पहिला नंबर कोणाचा ते कोणी सांगतच नव्हतं! मी साताऱ्याच्या शाळेत वाढलेली. आमच्या गॅदरिंगला वेशभूषा म्हणजे स्पर्धा. माइकसमोर उभं राहून दोन वाक्यं बोलायची, परीक्षक आकडे मांडणार आणि शेवटी स्टीलचा डबा बक्षीस. वेश कोणता, हे आई ठरवायची, आणि तो शेजारणीच्या मुलाहून वेगळा असायला हवा. माझा भाऊ टिळक झाला होता. पगडी, उपरणं, मिशा सगळं झकास, फक्त ऐन वेळी 'मी शेंगा खाल्ल्या' एवढंच बोलून खाली उतरला. इथल्या पोरांना बोलायचं काही नसतं. वाघ झालेल्याने गुरगुरलं तरी चालतं, नाही गुरगुरलं तरी चालतं.

इथल्या मराठी मंडळाच्या मराठी शाळेत मात्र साताऱ्याचं गॅदरिंग आमच्याबरोबर विमानातूनच आलं होतं. शाळा रविवारी, भाड्याने घेतलेल्या चर्चच्या तळघरात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मुलं काही केल्या ऐकायची नाहीत, नटूनच यायची, म्हणून कमिटीने तोडगा काढला: नटा, पण वेश मराठी मातीतला हवा. पहिल्या वर्षी त्या तळघरात पाच शिवाजी महाराज आले आणि मावळा एकही नाही. दाढ्या काजळाच्या, दुपारपर्यंत त्यातल्या तिघांच्या गालावर आल्या होत्या. झाशीच्या राण्या होत्या, एक गाडगेबाबा होते. आणि एक विठोबा. कमरेवरचे हात काढायचे नाहीत असं आईने बजावून ठेवलेलं. चॉकलेटची बादली फिरली तेव्हा तो बिचारा हात न काढता, आ वासून उभा राहिला. बाईंनी चॉकलेट सोलून तोंडात घातलं तेव्हा कुठे पुढची रांग सरकली.

दोन-तीन वर्षांत हा नियम आपोआप सैल झाला. पोरांच्या अंगातून स्पायडरमॅन काढायचा तर रडारड व्हायची, आणि ती आवरायला कमिटीकडे माणसं नव्हती. नवा नियम असा ठरला की या काहीही होऊन, पण आपण कोण ते चार वाक्यांत मराठीतून सांगा. मला हा नियम जुन्याहून कितीतरी शहाणा वाटला. 'मी डायनोसॉर आहे. मी पालेभाजी खातो. माझे दात मोठे आहेत. मी मेलो आहे,' असं एकजण अगदी गंभीरपणे सांगून गेला. घरी शुद्ध मराठीचा आग्रह धरून जे झालं नव्हतं, ते शेपटी लावल्यावर झालं.

२०१३ साली थोरली सहा वर्षांची होती. तिला गोष्टीतली म्हातारी व्हायचं होतं, भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी. म्हणजे म्हातारीही हवी आणि भोपळाही. केशरी फेल्टचे दोन मोठे गोल कापून शिवले, आत वर्तमानपत्रांचे बोळे भरले, खालून पाय आणि वरून डोकं बाहेर. डोक्याला पांढऱ्या लोकरीचा अंबाडा, नाकावर काचा काढलेला जुना चष्मा. आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, जुनं नऊवारी फाडून पदर केला होता. बसायला काही येईना. गाडीतही तिला मागच्या सीटवर आडवी ठेवून न्यावी लागली.

तळघरात गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं की गोष्टीतलं सगळं जंगल समोर हजर आहे. वाघ तर दोन होते, एक कोल्हा, आणि एक पांडा, जो अस्वल म्हणून चालून गेला. तालमीशिवाय नाटक उभं राहिलं. पहिला वाघ म्हणाला, 'म्हातारे म्हातारे, तुला खातो.' थोरलीने घडाघडा म्हटलं, 'लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा.' कोल्ह्याचं झालं, पांडाचं झालं, आणि मग रांगेत स्पायडरमॅन, एक युनिकॉर्न आणि त्या वर्षीचे दोन शिवाजी महाराजही उभे राहिले. सगळ्यांनाच म्हातारी खायची होती! महाराजांना बाईंनी समजावून बाजूला घेतलं. परतीच्या वाटेला अख्खं तळघर 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ओरडत होतं आणि भोपळा खरोखरच टुणुक टुणुक चालत होता, कारण त्या पोशाखात दुसरं कसं चालताच येत नव्हतं. एका उडीला शिवण उसवली. आतून वर्तमानपत्रं सांडत म्हातारी लेकीच्या नाही पण माझ्या मांडीवर येऊन पोचली.

हवामानाने मात्र आम्हाला सुखाने नटू दिलं नाही. २०११ ला २९ ऑक्टोबरला बर्फाचं वादळ झालं. झाडांची पानं गळलेली नव्हती, त्यामुळे ओल्या बर्फाच्या भाराने फांद्या तुटल्या, तारा तुटल्या, कितीतरी गावांनी हॅलोविन पुढे ढकललं. त्या वर्षीची परी जाकिटावर पंख बांधून फिरली. २०१२ ला २९ ऑक्टोबरलाच सँडी हे चक्रीवादळ आलं. शाळा बंद, वीज नाही, पेट्रोलसाठी गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखा. गव्हर्नरांनी अख्ख्या राज्याचं हॅलोविन सोमवार, ५ नोव्हेंबरवर नेलं. तोवर दारात येणाऱ्या पोरांसाठी आणलेलं चॉकलेट आम्ही अंधारात बसून संपवलं होतं.

धाकट्याला परी-राक्षसांत रस नव्हता, त्याला गाडी व्हायचं होतं. गाडी म्हणजे मोटार नाही, न्यू जर्सी ट्रान्झिटची लोकल, ज्या गाडीने बाबा ऑफिसला जातो ती. किंडरगार्टनच्या वर्षी नवऱ्याने टीव्हीचं खोकं घेऊन रोज रात्री जेवणानंतर त्याला रुपेरी डक्ट टेप लावली, खिडक्या कापल्या, पुढे टॉर्च बसवला. खिडक्यांत माणसं हवीत म्हणून आजी-आजोबांसकट सगळ्यांचे फोटो चिकटवले. शाळेत गाडी वर्गाच्या दारातून आत जाईना. तिला तिरकं करून घ्यावं लागलं. संध्याकाळी गल्लीत फिरताना या गड्याने कोणाच्याही दारात 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हटलं नाही. प्रत्येक दारात त्या लाइनवरच्या एकेका स्टेशनाचं नाव: पहिल्या घरी 'रॉवे', दुसऱ्या घरी 'मेट्रोपार्क', पुढे 'मटचन', मग 'एडिसन'. चॉकलेट पडलं की दारं बंद झाल्याचा टुंग आवाज करून गाडी पुढे. कोपऱ्यावरच्या घरातले म्हातारे गृहस्थ आयुष्यभर त्याच लाइनने न्यूयॉर्कला जाऊन निवृत्त झालेले. त्यांनी घड्याळात पाहून 'आजही उशीर!' म्हटलं आणि अख्खा मोठा बार दिला. इतरांकडे मिळतात ते टिचभर असतात, त्यामुळे ते घर आमच्या मुलांच्या नकाशात कायमचं नोंदलं गेलं.

२०१६ ला सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या चिपळूणकडच्या. दारात सापळा टांगलेला पाहून आधी चिडल्या: 'दिवाळीच्या तोंडावर दारात भुतं काय लावता गं!' कालनिर्णयात पाहिलं तर ३१ ऑक्टोबरला चक्क पाडवा. मग त्यांनी ताबा घेतला. सापळा राहिला, पण त्याच्या पायाशी रांगोळी, पणत्या, वर आकाशकंदील. शेजारणीला तो कंदील हॅलोविनचाच वाटला आणि कुठे मिळाला म्हणून विचारायला आली. नवरा ऑफिसच्या पार्टीतून ड्रॅक्युलाच्या काळ्या झग्यात घरी आला, त्याला तसाच पाटावर बसवून मी ओवाळलं. आई म्हणाल्या, 'निदान ते सुळे तरी काढ रे, तोंडात साखर घालायचीय.'

अंधार पडायला लागला तशी पोरांची रीघ लागली आणि आईंचा चेहरा बदलत गेला. काळ्या कपड्यातलं, उंच टोपीचं एक पोर ओरडत पायरी चढलं तेव्हा त्या टाळी वाजवून म्हणाल्या, 'अगं, हा तर संकासूर! हा आपला शिमगाच आहे की.' त्यांच्या लहानपणी शिमग्यात संकासूर दारात यायचा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू, आणि पोरं आधी माळ्यावर लपायची आणि मग त्याच्याच मागे गावभर हिंडायची. पोस्त दिल्याशिवाय सोंग हलायचं नाही. भुतं लावल्याचा राग तिथेच संपला. एका चेटकिणीने रांगोळी पुसली जाईल म्हणून आपला झाडू उचलून धरला, तिला त्यांनी मूठभर जास्त चॉकलेट दिलं.

त्यांची एकच तक्रार शेवटपर्यंत राहिली. घरी केलेले शंकरपाळे द्यायचे नाहीत, फक्त दुकानातलं, पाकीटबंद. 'दारी आलेल्या पोराला घरचं द्यायचं नाही, हा कसला सण!' मी ॲलर्जी, अनोळखी माणसं वगैरे सांगून पाहिलं, त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरलेल्या भोपळ्याच्या घाऱ्या करायला घेतल्या. तो भोपळा नुसता पाण्याचा, त्याला ना रंग ना गोडी. गुळात शिजवला तर पातळ आमटी झाली. घाऱ्यांना बटरनट घ्यावा. कोरायच्या भोपळ्याच्या बिया मात्र तिखट-मीठ लावून भाजल्या की उत्तम.

२०२० मध्ये कोविडमुळे लोकांनी जिन्याच्या कठड्याला प्लॅस्टिकचे पाइप बांधून त्यातून चॉकलेटं सोडली. धाकट्याला ते सगळ्यात आवडलेलं हॅलोविन. आता तो माझ्याहून उंच झालाय आणि रोजचं हुडी घालून 'मी टीनएजर झालोय' असं सांगत मित्रांबरोबर फिरतो. एवढी मोठी मुलं दारात आली की काहीजण कपाळाला आठ्या घालतात. मी देते. त्या वयात करण्यासारख्या इतर गोष्टींची यादी डोळ्यांसमोर आणली तर दारोदार चॉकलेट मागणं फारच बरं.

मंडळाच्या शाळेत तो रविवार अजून साजरा होतो. नव्या आया सप्टेंबरपासून ग्रुपवर विचारायला लागतात की शिवरायांचा जिरेटोप कुठे मिळेल, युनिकॉर्नचं शिंग टिकतं का, दोघी भावंडांना सारखं घ्यावं का. मी जुनी म्हणून मला सल्ला विचारतात. कोण व्हायचं ते पोराला ठरवू दे, माझं काही म्हणणं नाही. पण आत जाकीट मावलं पाहिजे आणि बाथरूमला जाताना त्याचं त्याला काढता आलं पाहिजे. जिरेटोपाचं मात्र साताऱ्याहून येणाऱ्या कोणालातरी सांगून ठेवा, इथे मिळतो तो डोक्यावरून घसरतो.