आमची वाटचाल : क्योतोतले अडीच किलोमीटर

एप्रिल २०१८. जपानमधलं क्योतो शहर पाहुण्यांना फिरवून दाखवायचं, हे आमचं काम. आमचे पहिले पाहुणे नाशिकचे काका-काकू. सकाळी सातला फुशिमी इनारीपासून सुरुवात केली आणि संध्याकाळी सहाला त्यांना हॉटेलवर सोडलं. मधल्या वेळात आठ ठिकाणं. यादीतल्या प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण करून मी वही मिटली, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "ताई, ते हरणांचं देऊळ आणि ते लाल खांबांचं, एकच ना?"

हरणं त्यांनी आदल्या दिवशी नारा शहरात पाहिली होती. लाल तोरणं आमच्या यादीतली पहिली. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही, इतकी दमले होते. काकांनी पाकीट हातात दिलं. जपानी पद्धतीप्रमाणे मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसले. धंदा सुरू झाला होता.

मी सांगलीची. पुण्यात जपानी शिकले आणि २००६ साली ओसाकात भाषांतराच्या नोकरीला आले. वाटाड्याचं काम मनात पहिल्यापासून होतं, पण जपानमध्ये पैसे घेऊन परदेशी भाषेत शहर दाखवायचं तर सरकारी परवाना लागायचा. त्याची परीक्षा दहा परदेशी भाषांमध्ये. त्यात थाई आहे, पोर्तुगीज आहे. हिंदी नाही, मग मराठी कुठून असणार? ४ जानेवारी २०१८ पासून नियम बदलला आणि परवाना नसलेल्यांनाही हे काम मोकळं झालं. तोवर मला कायम वास्तव्याचा हक्क मिळाला होता, त्यामुळे व्हिसाची फिकीर नव्हती. हॉटेलं, गाड्या, तिकिटं ठरवून द्यायची तर वेगळी नोंदणी करावी लागते. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. आम्ही फक्त चालतो.

आम्ही म्हणजे मी आणि सेन्सेई, जपानीत शिक्षकाला म्हणतात तसं. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या बाई परदेशी लोकांसाठीच्या भाषावर्गात स्वयंसेवक म्हणून येत. तिथे त्यांनी माझी आदरार्थी जपानी दुरुस्त केली, अजूनही करतात. भांडवल म्हणाल तर माझी शिल्लक, त्यांची पुस्तकं आणि चार मोठ्या छत्र्या. पुण्याहून माझी वहिनी रात्री हिशेब आणि निरोप सांभाळते. एवढाच कारभार.

पहिली दोन वर्षं आम्ही आठ ठिकाणंच करत होतो, कारण येणारे तेच मागत. भारतातली एक टूर कंपनी आम्हाला कुटुंबं पाठवायची आणि सोबत 'पॉइंट'ची यादी. किन्काकुजी, म्हणजे सुवर्णमंदिर, झालं का, बांबूचं बन झालं का, फोटो आले का. पैसे तीन-तीन महिन्यांनी यायचे. एकदा त्यांच्या माणसानं सुचवलं की अमुक दुकानात पाहुण्यांना नेलंत तर तुमचं कमिशन सुटेल. सेन्सेईंना हे सांगताना कमिशन या शब्दाला सौम्य जपानी शब्द शोधत मी दहा मिनिटं घालवली. त्यांनी एका वाक्यात विचारलं, "म्हणजे आपण दुकानाचे नोकर होणार का?" डिसेंबर २०१९मध्ये ते काम सोडलं. आता स्वतःचे पाहुणे शोधू, असं ठरवलं. मार्च २०२०मध्ये पाहुणेच संपले.

एक चूक याच काळातली. जळगावच्या एका जैन कुटुंबाला मी स्वतः शिफारस करून उदोन, म्हणजे रसातल्या जाड शेवया, खाऊ घातलं. वर फक्त हिरवा कांदा आणि तळलेलं टोफू असतं, शाकाहारीच आहे, असं ठासून सांगितलं. कांदा त्यांनी बाजूला काढून ठेवला आणि वाटी संपवली. रात्री मला उमगलं, तो रस म्हणजे दाशी, आणि दाशीत वाळवलेल्या कात्सुओ माशाचा कीस. बारा वर्षं या देशात राहून! सकाळी त्यांच्या हॉटेलवर जाऊन खरं सांगितलं, पैसे परत केले. आजोबा काही बोलले नाहीत, हात जोडले आणि आत गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून जेवण आमच्या फेरीत नाही. विचारलंच तर शोजिन र्‍योरी देणाऱ्या, म्हणजे मठातलं निरामिष जेवण बनवणाऱ्या जागा सांगतो, आणि तिथेही आधी फोन करून दाशी शैवालाची का माशाची ते विचारतो.

मग अडीच वर्षं काहीच नाही. मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं केली. मे २०२१मध्ये सांगलीला बाबा गेले. त्या महिन्यात जपाननं भारतातून येणाऱ्यांना दार लावलं होतं, इथे राहणाऱ्या परदेशी लोकांनाही. गेले असते तर परत कधी येता आलं असतं ते कोणी सांगू शकत नव्हतं. मुलगी शाळेत. गेले नाही.

सेन्सेईंनी सांत्वन असं काही केलं नाही. दर गुरुवारी त्या मला चालायला नेऊ लागल्या. त्यांचं घर हिगाशियामा भागात, तिथून उत्तरेला जायचं आणि परत यायचं. रस्ते रिकामे. इतकी वर्षं मी या भागातून पाहुण्यांना बसमध्ये घालून पुढे नेत होते. ७९४पासून हजारभर वर्षं राजधानी असलेलं शहर, आणि मला त्यातले फक्त बसथांबे पाठ होते.

पहिलं ठिकाण सानजूसानगेनदो. नावाचा अर्थ तेहतीस खणांचा मंडप. १२६६ साली पुन्हा बांधलेली, सुमारे १२० मीटर लांबीची लाकडी इमारत, आत सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, १,००१ मूर्ती. १२४९च्या आगीतून जुन्यांपैकी १२४ वाचल्या, बाकीच्या नव्यानं घडवल्या. मधली मोठी बसलेली मूर्ती तानकेई या शिल्पकारानं वयाच्या ८२व्या वर्षी पुरी केली. हे सगळं मी पूर्वीही सांगायचे, वीस मिनिटांत. सेन्सेईंनी मला पुढच्या ओळीत उभ्या असलेल्या २८ रक्षक देवांपुढे थांबवलं आणि एकेक नाव सावकाश वाचायला लावलं. नाराएन. नारायण. कारुरा. गरुड. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोनतेन म्हणजे ब्रह्मा, माकेइशुरा म्हणजे महेश्वर. आशुरा तर सांगायलाच नको. दोन टोकांना वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव. मी शाळेतल्या मुलीसारखी ओळीतून पुढे सरकत होते, आणि त्या मागून हळूच म्हणत होत्या, "हं, पुढचं."

तिथून उत्तरेला रोकुहारामित्सुजी. रोकु म्हणजे सहा, हारामित्सु म्हणजे पारमिता, बौद्ध धर्मातले परमोच्च सद्गुण. षट्पारमितांचं देऊळ. दहाव्या शतकात साथीचा रोग पसरला असताना कूया नावाच्या साधूनं ते स्थापन केलं. हा बाजारातून घंटा बडवत, अमिदा बुद्धाचं नाव घेत फिरायचा. लोक त्याला बाजाराचा साधू म्हणत. तेराव्या शतकात शिल्पकार कोशोनं घडवलेली त्याची मूर्ती तिथे आहे: पायात गवती चपला, गळ्यात घंटा, आणि उघड्या तोंडातून बाहेर पडणारे सहा छोटे बुद्ध. 'ना-मु-आ-मि-दा-बुत्सु' या नामाची सहा अक्षरं. नाम दिसतं कसं, हे लाकडात दाखवलंय. या मूर्तीपुढे मला फारसं काही सांगावं लागत नाही. पंढरपूरजवळचे एक काका, घरात पिढ्यानपिढ्या वारी, तिच्यापुढे उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पुटपुटले, "रामकृष्णहरी." पुढचा अर्धा तास ते कोणाशी बोलले नाहीत. मीही कंठ दाटल्यामुळे गप्प होते, आणि त्यांना वाटलं मी शिष्टाचार पाळतेय.

दोन गल्ल्यांवर रोकुदो चिन्नोजी. पूर्वी इथून पुढे तोरिबेनो ही जुन्या शहराची स्मशानभूमी लागायची, म्हणून हा नाका इहलोक आणि परलोकाच्या सीमेवरचा. ओनो नो ताकामुरा हा नवव्या शतकातला दरबारी दिवसा बादशहाची नोकरी करायचा आणि रात्री इथल्या विहिरीतून उतरून एन्माच्या दरबारात, अशी आख्यायिका आहे. एन्मा म्हणजे आपला यम. दोन नोकऱ्या करणारा माणूस म्हटलं की पाहुण्यांमधले आयटीवाले खूश होतात. जवळच मिनातोया हे गोळ्यांचं जुनं दुकान. गरोदरपणी मेलेल्या बाईचं भूत थडग्यात जन्मलेल्या बाळासाठी रात्री येऊन गोळ्या घेऊन जायचं, ती कथा याच दुकानाची. मधाच्या रंगाचे ते तुकडे आजही मिळतात. मुलं आधी घाबरतात, मग दोन पुड्या घ्यायला लावतात.

पुढे केननिनजी, १२०२ साली स्थापन झालेला झेन मठ. तिथे मी गप्प बसते आणि पाहुण्यांना पडवीत बसू देते. मग गिओन. या नावाचंही मूळ गौतम बुद्धाच्या श्रावस्तीच्या जेतवन विहारात आहे; त्याच्या जपानी नावावरून इथल्या देवस्थानाला आणि मग वस्तीला ते मिळालं. शेवट कामेया कियोनागा या १६१७पासूनच्या मिठाईच्या दुकानात. तिथे 'कांकिदान' म्हणून ओळखला जाणारा तिळाच्या तेलात तळलेला, वरून पाकळ्यांसारख्या चुण्या घातलेला गोड पदार्थ मिळतो. कांगितेन या देवतेचा नैवेद्य. कांगितेन म्हणजे गणपती. देवळात त्याची मूर्ती सहसा पडद्याआड असते. काय समोर येणार ते मी आधी सांगत नाही. पुडा उघडला की पहिला शब्द ठरलेला, "अगं, मोदक!" दुसरं वाक्य चव घेतल्यावर. सारणात गोड डाळीच्या पुरणाबरोबर चंदन, दालचिनीसारखी सुगंधी द्रव्यं असतात. एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सारणात कापूर पडलाय का गं?"

एकूण अडीच किलोमीटर. चालायला चाळीस मिनिटं लागावीत, आम्हाला चार तास लागतात. ऑक्टोबर २०२२मध्ये पर्यटकांसाठी सीमा उघडल्या, तेव्हा आम्ही हीच एक फेरी ठेवली. एका वेळी एकच कुटुंब, जास्तीत जास्त पाच माणसं, बुधवारी सुट्टी. वहिनी प्रत्येक चौकशीला पहिल्याच ओळीत लिहिते : किन्काकुजी नाही. अर्धे लोक तिथेच गळतात. "एवढे पैसे आणि सुवर्णमंदिरसुद्धा नाही?" असं फोनवर ऐकावं लागतं. रागावत नाही. किन्काकुजी सुंदर आहेच, पण ते बघायला मी कशाला हवी? तिकीट काढा, तळ्याकाठून फिरा.

मात्र या वाटेची एक खोड आम्हाला लवकर कळली. ओळखीचे शब्द सापडले की आपल्या लोकांच्या छातीत हवा भरते. एक गृहस्थ २८ देवांपुढे सेन्सेईंना इंग्रजीत म्हणाले, "हे सगळं मूळचं आमचंच." मी भाषांतर जरा मऊ करून सांगितलं. सेन्सेईंनी मान डोलावली, गरुडाकडे बोट केलं आणि विचारलं, "तुमच्याकडचा काय वाजवतो?" तिथला गरुड बासरी वाजवतोय. चोचीला बासरी लावून. गृहस्थ हसले, मग खरंच वाकून बघायला लागले. भारतातून निघालेला हा देव चीन, कोरिया करत इथे आला आणि वाटेत कधीतरी त्याच्या हातात बासरी आली. आता मी मूळ कुठलं हे सांगून झालं की लगेच गरुडापाशी नेते.

धंदा मोठा झालेला नाही. २०२४मध्ये सव्वादोन लाखांहून जास्त भारतीय जपानला आले, त्यातले आमच्याकडे आलेले एका मंगल कार्यालयात मावतील. गर्दीचा त्रास आम्हालाही होतो. गिओनमधल्या काही खासगी गल्ल्यांत २०२४पासून पर्यटकांना मनाई आहे, शिरलं तर दहा हजार येनचा दंड, अशा पाट्या आहेत. गेइशांच्या मागे फोन घेऊन पळणारे पाहिले असतील तर ही बंदी पटते. आम्ही त्या गल्ल्या बाहेरूनही दाखवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन इतकं असतं की सकाळी साडेआठला सुरू करून दुपारच्या आत संपवतो. आणि येणाऱ्यांना एक विनंती वहिनी ठळक अक्षरांत पाठवते: बिनभोकाचे मोजे आणि नाडी नसलेले बूट. देवळादेवळात बूट काढायचे असतात.

सेन्सेई आता पंचाहत्तरीला टेकल्या आहेत. त्या पहिल्या मंडपापर्यंत येतात, तिथून बसनं घरी जातात. त्यांच्या जागी कोणाला तयार करायचं हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्यात जपानी शिकलेली एक मुलगी इथल्या विद्यापीठात आहे, ती सध्या आमच्याबरोबर चालते. नावं तिला माझ्यापेक्षा लवकर पाठ झाली. थांबायचं कुठे ते अजून जमत नाही.

दर वर्षी ७ ते १० ऑगस्ट आम्ही बंद असतो. त्या दिवसांत रोकुदो चिन्नोजीमध्ये लोक पितरांना घरी बोलवायला येतात. तिथली घंटा बडवायची नसते. ती एका बंद खोलीत आहे, भिंतीतून बाहेर आलेला दोर आपल्याकडे ओढायचा. बाबांच्या वर्षश्राद्धानंतरच्या ऑगस्टमध्ये सेन्सेईंनी मला रांगेत पुढे केलं. दोर वाटला होता त्यापेक्षा जड निघाला, पहिल्यांदा आवाजच आला नाही. मागच्या आजीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवून ओढायला मदत केली. आता मला जमतं.