घरी बनवलेले रडर पेडल आणि सहा मिलिमीटरचं चुंबक: माझा अनुभव

फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवण्यासाठी, घरीच पेडल बनवायचे असतील आणि त्यात एएस ५६०० हा कोन मोजणारा सेन्सर वापरायचा असेल, तर योग्य चुंबक हातात पडल्याशिवाय प्लायवूडला करवत लावू नका. बाकी सगळं पुण्यात मिळतं. बुधवारात पासोड्या विठोबाच्या आसपास बोर्ड (सेन्सरचा आकडा कॉम्प्युटरला पोचवणारं सर्किट), वायर, पॉट (फिरवायचा बदलता रोध), स्विच मिळतात. बोहरी आळीत बेअरिंग, स्प्रिंग, बिजागऱ्या, नटबोल्ट सगळं मिळतं. मला मिळालं नाही ते फक्त ते एक चुंबक. त्याच्यावाचून सगळं काम अडून बसलं होतं, आणि अजूनही तो विषय निघाला की माझं डोकं तापतं.

पेडलच का, हा प्रश्न घरातही आला होता. जॉयस्टिकचा दांडा पिळून रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी फळी) चालवता येतो, चालवत होतोच. पण सेस्ना १७२ हे छोटं विमान पूर्ण ताकदीनं धावपट्टीवर पळायला लागलं की नाक डावीकडे ओढलं जातं. पंखा कॉकपिटमधून बघताना उजवीकडे फिरतो, त्याचा वारा शेपटीवर डाव्या बाजूनं आदळतो, शिवाय नाक वर उचललं की खाली येणारं उजवीकडचं पातं जास्त ओढतं. हे सगळं उजव्या पायानं सावरायचं असतं, हळूहळू, वेग वाढेल तसं. मनगट पिळून ते जमवण्यात काही अर्थ नाही. ज्याला खऱ्यासारखं उडवायचंय त्याला पाय हवेतच. तयार पेडल्सच्या किमती पाहिल्या आणि घरी करायचं ठरवलं. तो निर्णय बरोबरच होता, असं मी आजही म्हणेन.

सांगाड्याबद्दल फार लिहीत नाही, तो सरळ झाला. १८ मिलिमीटर प्लायचा पाया, मधोमध ठोकळ्यात ६०८ नंबरची दोन बेअरिंगं, त्यातून ८ मिलिमीटरचा बोल्ट, बोल्टवर आडवी पट्टी, पट्टीच्या दोन टोकांना पेडल. एक पुढे गेलं की दुसरं मागे येतं. मध्यावर परत आणायला दोन स्प्रिंगा. पंजानं दाबायच्या ब्रेकसाठी प्रत्येक पेडलला बिजागरी. ओळखीच्या सुतारकाकांनी ठोकळा नव्वद अंशात भोकं पाडून दिला, आणि तेवढं एक काम खरंच जाणकाराकडून करून घ्यावं. भोक जरा जरी कललं तरी पेडल अडकत चालतं.

आता सेन्सर. बहुतेक जण १० किलोओहमचा पॉट लावतात. लावायचा असेल तर त्यावर ‘बी’ लिहिलेला घ्या, म्हणजे बी१०के. ‘ए’ लिहिलेला आवाजाच्या बटणासाठी असतो, तो एका टोकाला हळू आणि दुसऱ्या टोकाला वेगात बदलतो. पण पेडलला पॉट मला पटत नाही. पॉट साधारण ३०० अंश फिरतो आणि पेडलची पट्टी इकडे वीस, तिकडे वीस अशी ४० अंशच फिरते. बोर्ड पूर्ण फेऱ्याचे १०२४ भाग मोजतो, म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम १३६. त्यात आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली की आकडा उड्या मारायला लागतो आणि विमानाची शेपूट विनाकारण झटके खाते. एएस ५६०० मध्ये घासणारं काहीच नाही. चिपच्या डोक्यावर चुंबक फिरतं आणि चिप कोन सांगते. पूर्ण फेऱ्याचे ४०९६ भाग, म्हणजे ४० अंशांत ४५५. फरक पायाला कळतो.

पण या चिपची एक अट आहे, आणि इथून माझी कटकट सुरू झाली.

चकतीच्या आकाराची जी चुंबकं बाजारात सर्रास मिळतात त्यांचे ध्रुव सपाट बाजूंना असतात, वरची बाजू उत्तर, खालची दक्षिण. त्यांना ॲक्सियल म्हणतात. अशी चकती चिपवर कितीही फिरवली तरी चिपच्या दृष्टीनं काहीच बदलत नाही. एएस ५६०० ला लागते ती डायमेट्रिक चकती, भाकरी मधोमध मोडावी तशी, अर्धी उत्तर आणि अर्धी दक्षिण. दिसायला दोन्ही सारख्याच चकचकीत. चिपच्या डाटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ही अट चित्र काढून स्पष्ट दिली आहे, त्यामुळे मी पहिल्यापासून डायमेट्रिकच मागत होतो.

बुधवारात दुकानदार म्हणाले, “अहो साहेब, चुंबक म्हणजे चुंबक. लोखंड ओढतंय ना?” त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्याकडे दिवसभर जी गिऱ्हाइकं येतात त्यांना खरंच तेवढंच लागतं. घाऊक विक्रेत्याकडे विचारलं तर शंभर नगांच्या खाली बोलायला तयार नाही. मग ऑनलाइन मागवलं. वर्णनात स्वच्छ लिहिलेलं होतं: डायमेट्रिक, ६ बाय २.५ मिलिमीटर, एन्कोडरसाठी (म्हणजे अशा कोन मोजणाऱ्या सेन्सरसाठी) योग्य. राग आहे तो या विक्रेत्यावर.

पार्सल आलं, चुंबक बोल्टाच्या टोकावरच्या टोपीत बसवलं, बोर्ड जोडला. आकडा एकाच ठिकाणी थरथरत राहिला. पेडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं तरी हलेना. मग मुलीच्या कंपासपेटीजवळ पडलेलं छोटं होकायंत्र टेबलावर ठेवलं, त्यापासून दोन बोटांच्या अंतरावर चुंबक सपाट पाडलं आणि बोटानं जागच्या जागी गोल फिरवलं. डायमेट्रिक असतं तर सुईनं त्याच्याबरोबर गिरकी घेतली असती. सुई ढिम्म. पाकिटातली सगळी चुंबकं अशी तपासली. सगळी ॲक्सियल.

तक्रार करायला गेलो तर फॉर्ममध्ये कारणांची यादी ठरलेली. वस्तू तुटलेली, वस्तू कमी आली, चुकीची वस्तू, आवडली नाही. मी ‘चुकीची वस्तू’ निवडलं. पुढचा रकाना सक्तीचा: दोषाचा फोटो जोडा. ध्रुव कुठल्या बाजूला आहेत याचा फोटो कसा काढायचा? तरी काढला, सोबत इंग्रजीत चार ओळी लिहून समजावलं. उत्तर आलं की फोटोतली वस्तू वेबसाइटवरच्या चित्राशी जुळते, तक्रार बंद केली आहे. मग होकायंत्राचा व्हिडिओ केला, बाजूला कागदावर बाण काढून, सुई हलत नाही हे दाखवून. पुन्हा तेच ठरीव उत्तर, शब्दही तेच. फोनवर जी मंडळी बोलत होती ती अतिशय गोड बोलत होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही मी काय म्हणतोय ते समजून घ्यायचं नव्हतं. शेवटी बदली पाकीट पाठवलं. होकायंत्रावर धरलं. त्यातही ॲक्सियलच. वर निरोप, की इलेक्ट्रॉनिक सुटे भाग परत घेतले जात नाहीत.

या सगळ्यात पेडलचा सांगाडा गॅलरीत पडून होता आणि येणारा-जाणारा विचारत होता, झालं का विमान? रक्कम फार नव्हती. अनेकांनी सोडून दे म्हणून सांगितलं. मी सोडलं नाही, कारण लिहायचं एक आणि द्यायचं दुसरं हे छोट्या रकमेत चालतं म्हणूनच चालत राहतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हे लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो. त्या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, मग ती सुटा भाग असो की अख्खं यंत्र. ग्राहक सेवेच्या चॅटमध्ये वेळ घालवू नका. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत तो पत्ता असतो, तिथे ईमेल करा, नियमाचं नाव लिहा, वर्णनाचा स्क्रीनशॉट जोडा. स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवा, नंतर वर्णन बदलतात. तिथेही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. माझ्या ईमेलमध्ये नियम आणि १९१५ दोन्हींचा उल्लेख होता, आणि जे चॅटवर इतके दिवस होत नव्हतं ते झालं, पैसे परत आले. माफीचा शब्द मात्र नाही.

चुंबक शेवटी मिळालं ते दुसऱ्याच एका छोट्या विक्रेत्याकडे. तो सेन्सर आणि चुंबक जोडीनंच विकतो. ऑर्डर द्यायच्या आधी मी फोन केला आणि म्हटलं, “दादा, एक काम करा. दोन चुंबकं एकमेकांवर ठेवा. मग वरचं पालथं करून परत ठेवा. ढकलतंय का?” फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं ते म्हणाले, “नाही हो, गर्रकन फिरून परत चिकटलं.” तिथेच माझा जीव भांड्यात पडला. ॲक्सियल पालथं केलं की ढकलतं, डायमेट्रिक स्वतः अर्धा फेरा घेऊन चिकटतं. ही परीक्षा होकायंत्राशिवायही होते, दुकानात उभं राहूनही होते. विकणाऱ्याला करायला सांगा. जो करेल त्याच्याकडून घ्या.

ते चुंबक बसवलं आणि पेडल हलवल्याबरोबर आकडा पाण्यासारखा चढला-उतरला. त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आता आठवतील तशा गोष्टी सांगतो. चुंबक थेट लोखंडी बोल्टाच्या टोकाला चिकटवू नका, बोल्ट चुंबकाचं क्षेत्र ओढून वाकडं करतो. मध्ये पितळेचा किंवा प्लास्टिकचा सेंटिमीटरभर तुकडा घाला, मी प्लास्टिकची टोपी थ्रीडी प्रिंट करून घेतली. चुंबक आणि चिप यांच्यात अर्धा ते तीन मिलिमीटर अंतर चालतं. नेमकं किती ठेवायचं ते चिपच सांगते: एजीसी नावाचा आकडा वाचा, ५ व्होल्टवर तो ० ते २५५ असतो आणि ३.३ व्होल्टवर ० ते १२८. मध्याच्या आसपास आला की अंतर बरोबर.

बोर्ड आर्डुइनो जातीचा, प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्या. त्यातली एटीमेगा ३२यू४ चिप कॉम्प्युटरला स्वतःच जॉयस्टिक म्हणून ओळख देते. उनोवर हे सरळ होत नाही, आणि घरात पडलाय म्हणून उनो वापरायचा मोह होतोच. प्रो मायक्रोवर सेन्सरच्या माहितीच्या दोन तारा २ आणि ३ नंबरच्या पिनला जातात. त्या तारा आखूड ठेवा. सेन्सरची डीआयआर पिन (फिरण्याची दिशा ठरवणारी) मोकळी सोडू नका, ग्राउंडला जोडून टाका. एएस ५६०० चा पत्ता, म्हणजे बोर्ड त्याला ज्या नंबरानं हाक मारतो तो, ठरलेला असतो, त्यामुळे एकाच जोडीच्या तारांवर दोन सेन्सर थेट लावता येत नाहीत. म्हणून ब्रेकना मी बी१०केच लावले, ब्रेकला तेवढं पुरतं.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं आहे. ४०९५ नंतर आकडा परत शून्यावर येतो. हा सांधा पेडलच्या चालीच्या मधोमध आला तर रडर एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारतो. पेडल मध्यावर असताना आकडा २००० च्या आसपास येईल असं चुंबक टोपीत फिरवून मगच डिंक लावा.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पाय उचललेला असतानाही ब्रेक लागलेले दिसले तर घाबरू नका, दोन्ही ब्रेकचे अक्ष उलटे करा. डेड झोन, म्हणजे ज्या छोट्या हालचालीकडे सिम्युलेटर दुर्लक्ष करतो ती, अगदी कमी ठेवा. पॉटची थरथर झाकायला तो वाढवतात, इथे झाकण्यासारखं काही नसतं.

लोहगावच्या धावपट्टीवरून सेस्ना उडवलं तेव्हा पूर्ण थ्रॉटलला मधली रेषा पहिल्यांदाच नाकाखाली राहिली, उजव्या पायाच्या नुसत्या दाबावर. चाकं सुटल्यावर नाक वर गेलं तसा दाब आपोआप वाढवला गेला, विचारही करावा लागला नाही. वाऱ्यात तिरकं येऊन उतरताना शेवटच्या क्षणी नाक सरळ करायचं असतं, तेही आता पायानं होतं. मनगटानं ते मला कधीच नीट साधलं नव्हतं.

गुळगुळीत फरशीवर पेडलचा पाया सरकतो आणि चाकांची खुर्ची मागे पळते. पायाखाली रबर लावून भागत नाही. पायाच्या प्लायला पट्टा बांधून तो खुर्चीच्या दांड्याला अडकवा, म्हणजे जोर दोघांत वाटला जातो आणि काहीच हलत नाही.